तेल गेलं, खत राहिलं

गेल्या शुक्रवारी रात्री कराडहून दादाचा (म्हणजे माझ्या चुलतभावाचा) फोन आला. "आरं, दोन एकर ऊस मोडतोय. लावेंडर लावायचं म्हणतोय. तेल काढायचं. समदं सेंद्रिय." मग थोडं थांबून, "तुझ्याकडनं दोनेक लाख हुतील का?"

दोन लाख म्हणजे माझ्या फ्लॅटच्या डाउन पेमेंटचा चांगलाच लचका. त्यामुळे शनिवारी पहाटेच गाडी काढली. खंबाटकी ओलांडून साताऱ्याजवळ चहा झाला, नऊला कराड.

दादाकडे एका रोपं विकणाऱ्या कंपनीचं चकचकीत पत्रक होतं. नाव लिहीत नाही. रोपं तेच देणार, गांडूळखताच्या पिशव्या तेच देणार, तेलही तेच विकत घेणार. वर जांभळ्या डोंगराचा फोटो, आणि त्यात मागे बर्फाची शिखरं. कराडला बर्फ फक्त उसाच्या रसात बघितलाय मी!

आपल्या देशात लॅव्हेंडर खरंच पिकतं, नाही असं नाही. जम्मूत भदरवाहला शेतकऱ्यांनी मक्याच्या जागी ते लावलं, जम्मूच्या सीएसआयआर संस्थेने रोपं आणि तेल काढायची यंत्रं पुरवली, आणि मे 2022 मध्ये तिथे लॅव्हेंडरचा महोत्सवही झाला. पण भदरवाहला हिवाळ्यात बर्फ पडतो. चांगल्या तेलाच्या लॅव्हेंडरला फुलायला ती थंडी लागते, आणि मुळाशी पाणी साचलेलं अजिबात चालत नाही. आमच्याकडे थंड हवा म्हटली की महाबळेश्वर, आणि तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. रोप कुजणार. त्याच सातारा जिल्ह्यात माण तालुका कोरडा ठाक, पण तिथे थंडी नाही. आणि दादाचं रान तर कृष्णाकाठचं काळं, पावसाळ्यात गुडघाभर चिखल होणारं.

हे सगळं सांगितल्यावर दादाने हुकुमाचा एक्का टाकला. "पर सेंद्रिय हाय की!"

इथे माझं डोकं फिरलं. सेंद्रिय हा शब्द आपण हल्ली अंगाऱ्यासारखा वापरतो. कशालाही लावा, गुण येणार. आम्ही पुण्यातले आयटीवाले तर जास्तच, पिशवीवर हिरवं पान दिसलं की दुप्पट पैसे देऊन मोकळे. अहो, लॅव्हेंडर मुळात भूमध्य समुद्राकाठच्या खडकाळ डोंगरांवरचं झुडूप. त्याला भरपूर खत घातलं तर ते नुसतं पाल्याने माजतं, फुलं कमी येतात. मग ते खत पोत्यातलं असो की गोठ्यातलं. कोंबडीखतातला नत्र काही सोवळ्यातला नसतो. शिवाय अर्धवट कुजलेलं शेणखत घातलं की पाठोपाठ हुमणी आलीच, हे ऊसवाल्यांना मी काय सांगणार! साखर कारखान्याची मळीसुद्धा ताजी घातली तर तापते, आधी नीट कुजवावी लागते.

आणि नुसतं शेणखत घातलं म्हणून तेल 'सेंद्रिय' म्हणून विकता येत नाही. त्यासाठी प्रमाणपत्र लागतं, आणि बहुवर्षीय पिकाला त्याआधी तीन वर्षं काढावी लागतात. पत्रकात ही तीन वर्षं नव्हती.

आता मला जे खरं म्हणायचंय ते. लॅव्हेंडरच्या तेलातला एक मुख्य घटक लिनॅलूल. त्याच्या रेणूत कार्बन 10, हायड्रोजन 18, ऑक्सिजन 1. संपलं. नत्र नाही, स्फुरद नाही, पालाश नाही. आपल्या खानदेशातल्या रोशा गवताच्या तेलात जिरॅनिऑल असतं, त्याचंही सूत्र अगदी हेच, फक्त जोडणी वेगळी. (हे रोशा तेल एके काळी मुंबईहून तुर्कस्तानात जाऊन गुलाबाच्या अत्तरात भेसळीला लागायचं. असो, तो वेगळा विषय.) म्हणजे तेल बाजारात गेलं तर शेतातून गेलं काय? हवा आणि पाणी! पिकाने जमिनीतून जे ओढलं ते बहुतेक सगळं वाफेवर तेल काढून झाल्यावर उरलेल्या चोथ्यात असतं. ऊस किंवा हळद विकताना अशी सोय नाही.

मग पहिलं खत हेच, चोथा कुजवून त्याच रानात परत घालणं. पण बऱ्याच ठिकाणी हा चोथा वाळवून भट्टीतच जाळतात. राखेत पालाश उरतो, नत्र मात्र धुराड्यातून जातो. आणि मग आपण नत्रासाठी पिशव्या विकत आणतो. उसाचं पाचट पेटवून देऊन वर युरिया टाकण्यासारखंच झालं हे. भट्टीला जळण लागतं हे मान्य, फुकट काहीच नाही. पण आमच्या भागात गुऱ्हाळं चिपाडांवर चालतात, तेलाची भट्टीही चालेल.

संध्याकाळी दादाला गाडीत घालून आटपाडीला मामांकडे नेलं. आमच्या टेंभूहून उचललेलं कृष्णेचं पाणी तिकडे पोचतं, पण मोजून मापून. मामा खतासाठी रानात मेंढरं बसवतात. बांधावर गवती चहाची दाट रांग. मी पान चुरगाळून दादाच्या नाकाशी धरलं. यातही तेल आहे, शंभर किलोत अर्ध्या किलोच्या आसपास. हे पानांचं पीक, त्यामुळे याला नत्र लागतोच, आणि वर्षातून तीन-चार कापण्या झाल्या तर जमीन लवकर रिकामी होते. म्हणून चोथा परत घालायचं महत्त्व इथे लॅव्हेंडरपेक्षाही जास्त. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पर तेल घेणार कोण?" त्याचं पक्कं उत्तर माझ्याकडेही नव्हतं. म्हणून मी म्हटलं, दोन एकर नको, आधी दहा गुंठे. त्या दहा गुंठ्यांचा खर्च मी देतो. लॅव्हेंडरला मात्र एक रुपया नाही.

परतताना दादा गाडीत एक शब्द बोलला नाही. कराड आल्यावर उतरता उतरता म्हणाला, रोपांचे तीस हजार आगाऊ देऊन झालेत.

आज रविवार. दादा फोन उचलत नाहीये. वहिनींचा मात्र दुपारी मेसेज आला, गवती चहाचे ठोंब मामांकडून किती मिळतील?