पाणी नितळ, तरी मासे का मरतात?

नृसिंहवाडीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. मुलीच्या हट्टापायी त्यांनी घरात काचेची टाकी आणली आणि आठ सोनेरी मासे सोडले. पंधरवडा झाला नाही तोच तीन मेले. उरलेले पाच पाण्यावर तोंड काढून धापा टाकीत आहेत. त्या लिहितात, "पाणी आरशासारखे स्वच्छ आहे. दोन वेळा पोटभर खायला घालतो. सासूबाई म्हणतात, दृष्ट लागली. यंदा शेततळ्यात रोहू-कटला सोडायचे ह्यांच्या मनात आहे. तिथेही असेच झाले तर?"

ताई, ही दृष्ट नव्हे. लक्षणे अमोनियाची दिसतात. पहाटे कोंदट गोठ्यात शिरले की गोमूत्राचा उग्र दर्प डोळ्यांना झोंबतो, तोच हा अमोनिया. माशांचा गोठा म्हणजे त्यांचे पाणी. मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो, शिवाय विष्ठा व उरलेले खाद्य कुजूनही तो तयार होतो. नदीत तो वाहून जातो, टाकीत साचून राहतो. त्याला रंग नाही, आणि थोडा असला तर वासही येत नाही. म्हणून पाणी नितळ दिसते आणि मासा आतून भाजत असतो.

आपण उसाला युरिया देतो. मातीतले जिवाणू त्याचा अमोनिया, मग नायट्राइट आणि शेवटी नायट्रेट करतात. तसलेच जिवाणू टाकीच्या वाळूत आणि पंपाच्या स्पंजात वस्ती करतात व पाणी शुद्ध ठेवतात. मात्र ही वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तुमच्या टाकीत मोरी बांधण्याआधीच घर भरले, एवढेच झाले.

आता उरलेल्या माशांसाठी असे करावे :

१. दोन दिवस खाद्य पूर्ण बंद. मासा उपाशी मरत नाही. मेलेले मासे व तळचा गाळ लगेच काढावा.

२. पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदलावे आणि मासे सावरेपर्यंत रोज तसेच करावे. नळाच्या पाण्यात औषध घातलेले असते, म्हणून ते उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मगच वापरावे. सगळे पाणी एकदम बदलू नये, त्या धक्क्यानेही मासे जातात.

३. हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेवावा.

४. वाळू व स्पंज नळाखाली घासू नये, जिवाणू धुऊन जातात. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळावा.

५. पुढे नायट्राइटचा त्रास होतो. त्यासाठी दर दहा लिटर पाण्याला दहा ग्रॅम, म्हणजे चहाचे सपाट दोन चमचे मीठ विरघळवून घालावे. पाणी बदलाल तेव्हा नव्या पाण्यापुरतेच मीठ पुन्हा घालावे.

थोडक्यात निभावलेले मासे काही दिवसांत पोहू लागतात. कल्ले फार भाजले असतील तर स्वच्छ पाण्यातही एखादा जातो, तेव्हा मुलीला तसे आधीच सांगून ठेवावे. सहा आठवडे नवा मासा आणू नये.

आता शेततळ्याचे. अमोनियाचे विष पाण्याच्या सामूवर चढते. २५ अंश तापमानाला सामू ७ असताना त्यातला शेकडा अर्धाच भाग विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की पाच आणि ९ झाला की तिसऱ्या हिश्शाहून अधिक. शिरोळ तालुक्यात क्षारपड जमिनीचे दुखणे घरोघर ठाऊक आहे. अशा भागात विहिरीचे वा बोअरचे पाणी तपासल्याशिवाय मासे सोडू नयेत.

मासे पहाटे वर येऊन धापा टाकीत असतील तर बहुधा प्राणवायू कमी पडला आहे. हिरव्या पाण्याचा सामू दुपारी चढतो, म्हणून दुपारी मासे तडफडू लागले तर अमोनियाचा संशय धरावा. अशा वेळी चुना टाकू नये, त्याने सामू आणखी चढतो. शेंगपेंड व कोंडा बंद करावा आणि ताजे पाणी सोडावे.

मात्र ते पाणी कुठले, हेही पाहावे. उन्हाळ्यात पंचगंगेचा प्रवाह मंदावून वरच्या शहरांचे सांडपाणी उतरले की मेलेल्या माशांचा खच संगमाकडच्या गावांनी पाहिला आहे. तिथे मुख्यतः प्राणवायू संपतो आणि जोडीला अमोनिया असतो. नदीचे पाणी काळवंडलेले असताना ते तळ्यात मुळीच घेऊ नये.

खाद्य घालण्याचे काम मुलीवरच सोपवा. मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील तेवढीच चिमूट, दिवसातून एकदा. काचेच्या टाकीवर तिचा हात बसला की शेततळ्यावरही तिची नजर उपयोगी पडेल.