रेम्ब्रँटची रेघ आणि आमची शीट

फर्स्ट इयरला ड्रॉइंग हॉलमध्ये आपल्याला रेघांच्या जाती शिकवतात. आउटलाइन जाड, डायमेन्शन लाइन बारीक, झाकलेली कड तुटक. मिनी ड्राफ्टर लावायचा आणि ओढायची. नाहीतर सबमिशनच्या आदल्या रात्री काचेखाली ट्यूब ठेवून सरळ जीटी मारायची! रेघ कोणाच्या हाताची हे कळलं नाही की शीट चांगली. मशीनच्या पार्टसाठी ते बरोबरच आहे. पण माणसाच्या चेहऱ्याला हा नियम लावला तर चेहरा मरतो, असं माझं मत झालंय, आणि त्याला कारण आहे लायब्ररीत पाहिलेलं रेम्ब्रँटचं १६४८ सालचं एचिंग. खिडकीपाशी टेबलावर बसून तो स्वतःचंच चित्र काढतोय.

एचिंग म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, सुईने तो खरवडत चित्र काढायचं आणि पत्रा अ‍ॅसिडमध्ये सोडायचा. थर निघाला तिथेच तांबं खाल्लं जातं. त्या खाचांत शाई भरायची, वरची पुसायची, ओलसर कागद ठेवून प्रेसमधून काढायचं. जास्त वेळ अ‍ॅसिड, तर रेघ जास्त खोल आणि काळी. गंमत म्हणजे थर मऊ असल्याने सुई पेनासारखी पळते, त्यामुळे हाताची घाई, हाताचं अडखळणं, सगळं तांब्यात उतरतं. या चित्रात अंगावरच्या कपड्यांवर रेघांवर रेघा चढवून काळोख केलाय आणि खिडकीकडच्या गालावर कागद जवळजवळ कोराच सोडलाय.

१६३९ च्या एचिंगमध्ये हाच माणूस मखमली टोपी घालून, दगडी कठड्यावर हात टेकून रुबाबात बसलाय. रेघही केसांबरोबर लाडात वळणं घेते. मोठं घर त्याने त्याच वर्षी घेतलं होतं. १६४२ मध्ये बायको सास्किया गेली. १६४८ ला डोक्यावर साधी हॅट, अंगात कामाचे कपडे. म्हणून मग त्याच्या डोळ्यांत दुःख आहे असं म्हणायचा मोह होतो. मला नाही पटत. व्हर्नियरचं रीडिंग घेताना आपण जसं बघतो ना, तसा तो बघतोय. स्वतःचं माप घेतोय, आणि एक मिलिमीटरही सूट देत नाहीये. मला तरी हे जमत नाही. आरशासमोर गेलो की आधी केस नीट करतो!

नंतरच्या काही छापांत खिडकीबाहेर निसर्गदृश्य आलंय. मला रिकामी खिडकीच बरी वाटते. पुस्तक परवा परत केलंय. आर्टचं वेगळं शेल्फ आपल्याकडे नाही, ‘जनरल’मध्ये शोधा.