वाचक : मालक की कूळ?

रोलां बार्थने १९६७ मध्ये केलेली ‘लेखकाच्या मृत्यू’ची घोषणा मराठी समीक्षेने उत्साहाने आत्मसात केली. अर्थाची सत्ता लेखकाकडून वाचकाकडे आली, हे तिचे सार. आता याच घोषणेचा विस्तार आभासी विश्वांपर्यंत केला जातो. संगणकीय खेळातील खेळाडू स्वतःचे पात्र सजवतो, कथानक घडवतो, वस्तू जमवतो. म्हणून ही वाचकाच्या मुक्तीची परमावधी होय, असे प्रतिपादन होते. त्याच्या मुळाशी एक न तपासलेले गृहीतक आहे.

बार्थचा वाचक अर्थाच्या बाबतीत स्वतंत्र होऊ शकला, कारण पुस्तकाची प्रत त्याच्या हाती होती. साहित्यकृतीवरील हक्क एकाचा आणि प्रतीची मालकी दुसऱ्याची, हा भेद भारतीय कायद्यालाही मान्य आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १४ लेखकाला प्रती प्रसृत करण्याचा हक्क देते. मात्र आधीच प्रसृत झालेल्या प्रती त्यातून वगळते. म्हणूनच नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्याला जुने पुस्तक घेता येते, समासात टिपणे करता येतात, पुढे ते विकताही येते. आभासी वस्तूच्या बाबतीत अशी प्रतच नसते. कंपनीच्या सर्व्हरवरील एक नोंद आणि ती वापरण्याचा परवाना, एवढेच खेळाडूच्या वाट्याला येते.

२ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ‘पबजी मोबाइल’सह ११८ अॅप्सवर बंदी घातली आणि ३० ऑक्टोबरला भारतातील खेळाडूंसाठीची त्याची सेवा थांबली. बंदी योग्य की अयोग्य, हा येथे प्रश्न नाही. पैसे मोजून घेतलेले पोशाख आणि शस्त्रांची आवरणे त्या दिवशी निरुपयोगी झाली, हे महत्त्वाचे. २०२१ मध्ये ‘बीजीएमआय’ आल्यावर जुना संग्रह तेथे नेण्याची मुभा मिळाली, तीही मर्यादित मुदतीची. मुभा द्यावी लागली, यातच मालकी नव्हती हे सिद्ध होते.

मराठवाड्याला हा भेद नवा नाही. १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याने संरक्षित कुळाला स्थान दिले. पुढे कलम ३८-ई अन्वये त्याला मालकी देण्याची तरतूद झाली. ताबा, वहिवाट आणि मालकी या शब्दांमधील अंतराने येथील कुटुंबांची भवितव्ये ठरवली आहेत. अशा प्रदेशातील समीक्षेने ‘विकत घेतले’ हे क्रियापद निमूटपणे स्वीकारावे, हे आश्चर्यच. संरक्षित कुळाच्या पाठीशी निदान कायदा होता; परवानाधारक केवळ मर्जीवर वावरतो. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने, व्यवहार परवान्याचा आहे हे स्पष्ट न सांगता डिजिटल वस्तूंबाबत ‘खरेदी’ हा शब्द वापरण्यास मनाई केली. शब्दातील हे कपट विधिमंडळाला दिसते आणि शब्दावर जगणाऱ्या समीक्षेला दिसत नाही!

खेळातल्या पोशाखासाठी एवढा शोक कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु ग्रंथही याच व्यवस्थेत शिरले आहेत. जुलै २००९ मध्ये अॅमेझॉनने ऑर्वेलच्या ‘१९८४’ व ‘अॅनिमल फार्म’च्या काही आवृत्त्या, त्या विकणाऱ्याकडे हक्क नसल्याचे कारण देऊन, वाचकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतल्या. पैसे परत मिळाले. पुस्तक मात्र गेले. कागदी पुस्तकाबाबत असाच वाद झाला असता, तरी कोणी वाचकाच्या घरात शिरून ते नेले नसते. महाविद्यालयांना एन-लिस्टसारख्या योजनेतून वर्गणीवर मिळणारे ई-ग्रंथ हाही प्रवेशाधिकारच आहे. वर्गणी थांबली की कपाट रिकामे. पदव्युत्तर विद्यार्थ्याची सोय त्यातून होते, हे निर्विवाद. पण सोय म्हणजे संग्रह नव्हे.

अर्थ कोण निर्माण करतो, हा प्रश्न समीक्षेने पुष्कळ चर्चिला. प्रत कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न त्याआधीचा आहे. तो टाळून केलेला वाचकाच्या सार्वभौमत्वाचा जयघोष म्हणजे कुळाला मालक म्हणून हाक मारण्याचा प्रकार होय. त्याने सातबारा बदलत नाही.