तुरुंगातून निवडून, तुरुंगातूनच राजीनामा

जबलपूरच्या चेरीतालमध्ये आज तलाव दिसत नाही, दिसते ती दाट वस्ती. राणीताल, अधारताल, हनुमानताल अशा जुन्या तलावांच्या या शहरात मराठी कुटुंबेही पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. नागपूरकर भोसल्यांचा अंमल इथे होताच. पुढे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत या भागाची राजधानीही नागपूरच होती. कोणी वकिलीसाठी आले, कोणी रेल्वेत, कोणी तोफगाडीच्या कारखान्यात. अशा या संमिश्र शहराने पन्नास वर्षांपूर्वी एक निकाल दिला आणि त्यातून एक राष्ट्रीय नेता घडला. शरद यादव यांच्या कारकिर्दीचा हिशेब मांडायचा तर तो बिहारमधल्या मधेपुऱ्यापासून नव्हे, इथूनच मांडला पाहिजे.

१९७४ मध्ये सेठ गोविंददास निवर्तले. पहिल्या लोकसभेपासून ते खासदार होते, हिंदीचे कडवे पुरस्कर्ते होते आणि जबलपूरमध्ये त्यांच्या घराण्याच्या शब्दाला फार मोठे वजन होते. त्यांच्या रिक्त जागेवर काँग्रेसने त्यांच्याच नातवाला उभे केले. समोर होता २७ वर्षांचा एक तरुण. होशंगाबाद जिल्ह्यातल्या बाबईजवळच्या शेतकरी घरातला, जबलपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतलेला, विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाचा अध्यक्ष, आणि त्या वेळी ‘मिसा’ या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली तुरुंगात असलेला. जयप्रकाश नारायण यांनी त्याला जनतेचा उमेदवार म्हणून पुढे केले. निशाणी होती चक्रात खांद्यावर नांगर घेतलेला शेतकरी. याच निशाणीवर पुढे १९७७ मध्ये जनता पक्ष देशभर लढला. पण दिल्लीची सत्ता या निशाणीने उलथवण्याआधी जबलपूरने तिच्यावर शिक्का मारला होता. काँग्रेसचा हा गड पडला. घराणे, पैसा, सरकार असे सारे एका पारड्यात असताना मतदारांनी दुसरे पारडे जड केले. इंदिरा गांधींच्या पायाखालची वाळू सरकू लागल्याची ती पहिली ठळक खूण होती, असे आमचे मत आहे.

मात्र शरद यादव यांचा खरा कस लागला तो १९७६ मध्ये.

पाचव्या लोकसभेची पाच वर्षे मार्च १९७६ मध्ये संपत होती. आणीबाणी चालू असताना संसद कायदा करून लोकसभेची मुदत एका वेळी एक वर्षाने वाढवू शकते, अशी तरतूद घटनेच्या ८३ व्या कलमात आहे. तिचा आधार घेऊन सरकारने फेब्रुवारीत मुदत वाढवली आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा वाढवली. विरोधकांपैकी कितीतरी जण गजाआड होते. मध्य प्रदेशातल्या तुरुंगांत तेव्हा मधु लिमये स्थानबद्ध होते. पुण्यात जन्मलेले, फर्ग्युसनमध्ये शिकलेले, गोवा मुक्तीच्या सत्याग्रहात पोर्तुगीजांच्या कोठडीत १९ महिने काढलेले लिमये लोकसभेत बिहारमधल्या बांक्याचे प्रतिनिधी होते. जनतेने पाच वर्षांसाठी निवडून दिले, सहाव्या वर्षाचा अधिकार तिने दिलेला नाही, हा त्यांचा सरळ हिशेब. त्यांनी सदस्यत्वाचा राजीनामा दिला आणि त्यांच्याबरोबर सभागृहातल्या सर्वांत तरुण फळीतल्या जबलपूरच्या खासदारानेही दिला.

या कृतीचे मोल नीट समजून घ्यायला हवे. खासदारकी हे तुरुंगातल्या माणसाचे उरलेसुरले कवच असते. सुटकेची तारीख ठाऊक नसताना, खटला नाही, सुनावणी नाही अशा स्थितीत ते कवच स्वतःहून उतरवून ठेवायला छातीच लागते. शिवाय यादव निवडून येऊन पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. ‘मी तर मधेच आलो, माझी मुदत अजून बाकी आहे’ असे ते म्हणू शकले असते. ते तसे म्हणाले नाहीत. १९७७ मध्ये जबलपूरने त्यांना पुन्हा निवडून दिले, ते याच सचोटीची पावती म्हणून. त्याच लोकसभेने १९७८ मध्ये ४४ वी घटनादुरुस्ती केली आणि आणीबाणीत सहा वर्षांवर नेलेली मुदत पुन्हा पाचवर आणली.

त्यानंतरची वाटचाल वळणावळणाची आहे. १९८१ मध्ये अमेठीत राजीव गांधींकडून पराभव, १९८९ मध्ये बदायूँमधून विजय, मग मधेपुरा चार वेळा. मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश आणि बिहार अशा तीन राज्यांतून मिळून सात वेळा लोकसभा. विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या मंत्रिमंडळात असताना मंडल आयोगाच्या अंमलबजावणीचा आग्रह त्यांनी नेटाने धरला. इतर मागासवर्गीयांना मिळालेल्या २७ टक्के आरक्षणात त्यांचा वाटा मोठा आहे आणि तो इतिहासात त्यांच्या नावावर राहील. वाजपेयींच्या सरकारात नागरी विमान वाहतूक, कामगार अशी खाती त्यांनी सांभाळली. १९९९ मध्ये मधेपुऱ्यात त्यांनी लालूप्रसादांना हरवले, २००४ मध्ये लालूंनी त्यांना.

त्यांचे दोषही स्पष्टच सांगितले पाहिजेत. महिला आरक्षणाला विरोध करताना स्त्रियांच्या कापलेल्या केसांवरून आणि पुढे राज्यसभेत दक्षिणेतल्या स्त्रियांच्या रंगावरून त्यांनी जे उद्गार काढले, ते सामाजिक न्यायाची भाषा बोलणाऱ्याला लाज आणणारे होते. आम्हाला त्याहून अधिक खटकते ते २०१७. त्यांच्याच पक्षाचे नितीशकुमार भाजपबरोबर गेले, तेव्हा ‘हा महाआघाडीच्या जनादेशाचा विश्वासघात आहे’ ही यादवांची भूमिका चुकीची नव्हती. पण १९७६ चा माणूस तेव्हा राज्यसभेचा राजीनामा तोंडावर फेकून लोकांत गेला असता. त्याऐवजी पक्षांतरबंदीखाली डिसेंबरमध्ये त्यांचे सदस्यत्व गेले, आणि तुघलक मार्गावरचा सरकारी बंगला न्यायालयीन लढाईनंतर २०२२ मध्ये सुटला. याउलट लिमयांनी खासदारकीचे निवृत्तिवेतनही नाकारले होते. १२ जानेवारी २०२३ रोजी यादव गेले आणि अंत्यसंस्कार त्यांच्या गावीच झाले. जबलपूरने तेव्हा त्यांना आपला म्हणून आठवले, यात सारे आले.

१९७६ च्या त्या राजीनाम्याची आठवण आज काढायचे कारण वेगळे आहे. हल्ली राजीनामे पुष्कळ दिले जातात, पण खुर्ची सोडण्यासाठी नव्हे, मिळवण्यासाठी. मार्च २०२० मध्ये याच मध्य प्रदेशात काँग्रेसच्या २२ आमदारांनी राजीनामे दिले, सरकार पडले आणि त्यांतले अनेक जण आमदार नसताना मंत्री झाले. दोघांना तर सहा महिन्यांची घटनात्मक मुदत संपल्यामुळे मतदानाच्या तोंडावर मंत्रिपद सोडावे लागले. महाराष्ट्राने २०२२ आणि २०२३ मध्ये पक्ष फुटताना जे पाहिले, त्यात तर राजीनाम्याचीही गरज कोणाला वाटली नाही. मत एका निशाणीला दिलेले, वापरले गेले दुसरीसाठी. चेरीतालमधला मतदार असो की चिंचवडमधला, त्याला याची दाद मागायला जागा नाही.

ती जागा कायद्यात करता येते. ९१ व्या घटनादुरुस्तीने २००३ मध्ये पक्षांतरामुळे अपात्र ठरलेल्या सदस्याला पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्री होण्यास मनाई केली. अपात्र ठरण्याआधी राजीनामा देऊन दुसऱ्या पक्षात जाणारा मात्र या मनाईतून निसटतो. ही पळवाट बुजवा: राजीनामा देऊन पक्ष बदलणाऱ्यालाही पुन्हा निवडून आल्याशिवाय मंत्रिपद मिळता कामा नये. आणि अपात्रतेचा निवाडा पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेल्या अध्यक्षाच्या मर्जीवर न ठेवता निवडणूक आयोगाच्या सल्ल्याने, ठरलेल्या मुदतीत व्हावा. हे विधेयक आणण्यासाठी आज कोणत्याही खासदाराला तुरुंगात बसावे लागणार नाही.