घर आणि कारखाना : पत्र्याची घडी

शिंप्याकडे कापड टाकतांना आपण केवळ अंगाचें माप देतों. शिवणींत किती कापड जाईल याचा हिशेब तोच करतो, आणि तो करतो हें आपल्या ध्यानींमनींही नसतें. पत्र्याचें काम करून घेणारा गृहस्थ मात्र कागदावर चार रेघा ओढतो, त्यांवर चार आंकडे मांडतो, आणि कारखानदारानें तो कागद उलटसुलट करून दोनचार प्रश्न विचारले कीं मनांतून चिडतो. सगळें तर लिहून दिलें आहे, असें त्यास वाटतें. वस्तुतः ते प्रश्न म्हणजे पत्र्याच्या शिवणीचा हिशेब होय. आज त्या प्रश्नांचीच थोडी फोड करावयाची आहे. कारण ओट्याखालच्या कप्प्यापासून आजारी माणसाच्या पलंगाच्या कठड्यापर्यंत कितीतरी वस्तु अलीकडे घरोघर मापाबरहुकूम करवून घेतल्या जातात.

पत्र्यावरचे मुख्य संस्कार दोन : कापणें आणि दुमडणें. यांपैकीं कापणें हें पूर्वीं फार कष्टाचें होतें. कातर चालावयाची ती सरळ रेघेपुरती. वाटोळें भोक हवें तर पंच, आणि वांकडातिकडा आकार हवा तर छिन्नी, करवत व कानस. पुण्याजवळ भोसरीच्या औद्योगिक वसाहतींत आज फेरफटका केला तर लहानसहान कारखान्यांच्या दारांवरही 'लेझर कटिंग' हीं अक्षरें दिसतात. लेझर म्हणजे अत्यंत एकाग्र केलेला प्रकाशझोत. संगणकांतील आकृतीप्रमाणें तो पत्र्यावरून फिरतो, त्या रेषेवरील धातु वितळतो, आणि त्याच तोटींतून येणारा वायूचा फवारा तो रस खालीं उडवून देतो. मागें राहणारी चीर पातळ पत्र्यांत मिलिमीटरच्या एकदोन दशांशांइतकीच रुंद असते. पोळी लाटून वाटीनें पुऱ्या पाडणारी गृहिणी कमींत कमी कणीक वायां जावी म्हणून वाटी जशी सरकवून सरकवून ठेवते, तशीच येथेंही निरनिराळ्या गिऱ्हाइकांचे तुकडे एकाच पत्र्यावर खेटून बसवितात. फरक इतकाच कीं, उरलेली कणीक पुन्हां मळतां येते. पत्र्याच्या चिंधोट्या भंगारांत जातात.

या किरणाच्या इतिहासांतील एक नांव आपल्याकडचें आहे. १९३८ सालीं बारामतीस जन्मलेले व पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकलेले कुमार पटेल यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६४ मध्यें कार्बन डायऑक्साइड वायूचा लेझर सिद्ध केला. तीनच वर्षांनीं, १९६७ त, इंग्लंडमध्यें ऑक्सिजनच्या फवाऱ्याची जोड देऊन त्या जातीच्या किरणानें पोलादाचा पत्रा कापून दाखविण्यांत आला, आणि पुढें अनेक दशकें कारखान्यांत हाच लेझर चालला. हल्लीं त्याची जागा बव्हंशीं कांचतंतूंतून येणाऱ्या 'फायबर' लेझरनें घेतली आहे. तांब्यापितळेसारखे चकचकीत धातु जुन्या किरणाला परतवून लावीत. नवा किरण तेही कापतो.

कापण्याचा प्रश्न अशा रीतीनें बराचसा सुटला आहे. दुमडण्याचा तसा सुटलेला नाहीं. दुमडण्याचें यंत्र दिसावयास अगदीं साधें : खालीं व्ही आकाराची खांच असलेला लांबट ठोकळा, त्यास डाय म्हणतात, वर बोथट सुरीसारखा पंच. मधें पत्रा ठेवावा, पंच खालीं यावा, पत्रा खांचेंत दबून वांकावा. परंतु जाड रबराची एखादी पट्टी घेऊन ती वांकवून पाहा. तिचें बाहेरचें अंग ताणलें जातें, आंतलें अंग आक्रसतें, आणि दोहोंच्या मधें एक थर असा राहतो कीं, ज्याची लांबी बदलत नाहीं. पत्र्यांत हा थर बरोबर मध्यावर न राहतां आंतल्या अंगाकडे थोडा सरकतो. शिवाय कोपराही कागदाच्या घडीसारखा टोंकदार न येतां वाटोळा येतो. रस्त्याच्या चौकांत कोपऱ्यापर्यंत न जातां मधूनच वळणाऱ्या वाटसरूप्रमाणें पत्रा जवळची वाट धरतो.

याचा परिणाम आंकड्यांत पाहूं. ३ मिलिमीटर जाडीच्या साध्या पोलादी पत्र्याचा काटकोनी तुकडा हवा आहे. बाहेरून मोजल्यास एक बाजू ८० मिलिमीटर व दुसरी ६०. बेरीज १४० झाली म्हणून १४० ची पट्टी कापली, तर घडी घातल्यावर तुकडा मापापेक्षां मोठा भरेल. एवढ्या जाडीस सामान्यतः आठपट, म्हणजे २४ मिलिमीटर रुंदीची खांच घेतात. तींत कोपऱ्याची आंतली गोलाई सुमारें ४ मिलिमीटरची येते, आणि मग पट्टी कापावी लागते ती १३४ च्या आसपास. एका घडीस पावणेसहा मिलिमीटरांचा फरक! चार घड्यांच्या खोक्यांत तो २३ वर जातो. खांच बदला, धातु बदला, कीं हा आंकडाही बदलतो. संगणक तो काढून देतो हें खरें. तथापि बेंडिंगवरचा जाणता कारागीर त्याच पत्र्याच्या चिंधोटीवर एक घडी घालून, ती मोजून, मगच कापण्याची आज्ञा देतो, आणि आलेला आंकडा आपल्या तेलकट वहींत टिपून ठेवतो. कारखाना चांगला कीं वाईट हें दारांतील यंत्राच्या किमतीवरून न ठरवितां या वहीवरून ठरवावें, असें आमचें मत आहे.

आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं ऐंशी ओलांडलेल्या आजीबाई आहेत. रात्रीं उठतांना धरावयास पलंगाच्या बाजूच्या फळीवर एक दांडी बसवावयाची होती, आणि त्या दांडीला आधार म्हणून फळीवर स्वार होणारी पोलादी पकड हवी होती. त्यांच्या नातवानें आकृति काढली : उलट्या यू आकाराचा तुकडा, रुंदी ३० मिलिमीटर, दोन्ही पाय ८०, पत्रा ३ चा. कारखान्यांतील वयस्क कारागिरानें कागद पाहून पहिला प्रश्न केला, "हे तीस आंतून कीं बाहेरून, साहेब?" फळीच तीस जाडीची, तेव्हां माप आंतलें. तें बाहेरचें धरलें गेलें असतें तर आंत जागा उरली असती चोवीस, आणि पकड फळीवर चढलीच नसती.

दुसरी अडचण त्यानें पुठ्ठ्याचा तुकडा दुमडून दाखविली. पहिला पाय सहज वळतो; पण दुसरा वळवूं लागलें कीं पहिला वर उचलला जाऊन पंचाच्याच अंगावर आदळतो, कारण पाय उंच आणि मधली रुंदी चिंचोळी. हंसाच्या मानेसारखा मागें वळलेला पंच अशा वेळीं वापरतात. परंतु त्या मानेंतही एवढा पाय मावण्यासारखा नव्हता.

"मग काय करावें, काका?" नातवानें विचारलें.

"दोन एल करूं. माथ्यावर एकावर एक चढवूं, आणि फळीच्या खालून दोन्ही पायांतून आरपार बोल्ट घालूं. फळी कुठें जाड, कुठें बारीक असली तरी आवळून बसेल."

कागदावरचा यू दिसावयास अधिक सुबक होता, हें मान्य करावयास हवें. पण लाकडाची फळी पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत सुकते. एकसंध यू केव्हां तरी सैल पडला असता, आणि अंधारांत म्हातारीनें सारा भार टाकावा अन् दांडी हलावी, यापेक्षां दांडी नसलेली बरी. म्हणून कारखान्यांत जातांना केवळ माप सांगूं नये. ती वस्तु कशावर बसावयाची आहे आणि तिच्यावर कोण टेकणार आहे, हेंही अवश्य सांगावें. तें कळलें म्हणजे कारागीर आपण होऊन आकृति सुधारतो.

पत्र्याच्या आणखी एका खोडीचा उल्लेख करावयास हवा. दाब सुटतांच तो थोडासा उलगडतो. साध्या पोलादास ही उसळी अंशभर किंवा त्याहून कमी, स्टेनलेसला दोनतीन अंश. यास्तव नव्वद अंशांचा कोन हवा असतां स्टेनलेस सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी अंशांपर्यंत दाबावें लागतें. शिवाय पत्रा रुळांमधून लाटलेला असल्यामुळें लाकडाप्रमाणें त्यासही रेषा असते. घडी त्या रेषेला आडवी पडली तर निभावते; रेषेच्या लांबीनें पडली तर बाहेरच्या अंगास चिरा जाण्याची भीति, विशेषतः कठीण जातीच्या ॲल्युमिनियमला. पत्रा वाचवावा म्हणून कापणारा एखादा तुकडा आडवा फिरवून बसवितो, आणि त्याची ही काटकसर दुमडणाऱ्याच्या मुळावर येते. दोघांचे खटके उडतात ते बहुधा येथेंच.

भोकेंही घडीला फार खेटून घेऊं नयेत, नाहीं तर वाटोळें भोक घडी घालतांना अंड्यासारखें ताणलें जातें. ३ मिलिमीटरच्या पत्र्यांत भोकाची कड घडीच्या आंतल्या बाजूपासून निदान १० मिलिमीटर दूर असावी. दुमडावयाची बाजू १७ मिलिमीटरपेक्षां अरुंद असली तर तिचा कांठ त्या २४ च्या खांचेंत घसरून पडतो. पत्र्याची जाडी सांगतांना गेज न सांगतां मिलिमीटर सांगावे हें उत्तम. गेजचा आंकडा वाढला कीं पत्रा पातळ होतो, १६ गेज म्हणजे सुमारें १.६ आणि २० गेज म्हणजे सुमारें ०.९, हें बाजारांतल्या माणसास पाठ असलें तरी घरच्या माणसाची त्यांत हटकून गल्लत होते.

किमतीविषयीं पुष्कळांची तक्रार असते कीं, एका क्षुल्लक तुकड्याला एवढे पैसे कां? एकच नग असला तरी आकृति संगणकांत उतरविणें, पंच व डाय चढविणें आणि चांचणीची घडी घालणें यांतलें कांहींच चुकत नाहीं. दहा नग असतील तर तोच खर्च दहांवर वांटला जातो. शेजारीपाजारीं कोणास तसलाच तुकडा हवा असेल तर एकत्र करून घ्यावा.

सरतेशेवटीं कांठाविषयीं. कापलेल्या कडेस बारीक धार राहते, तिला कारखान्यांत 'बर' म्हणतात. ज्या बाजूला हात लागणार ती बाजू आकृतीवर खूण करून दाखवावी, म्हणजे कारागीर तेथें कानस फिरवितो किंवा कांठ आंत दुमडून देतो. साधें पोलाद ऑक्सिजनच्या फवाऱ्यानें कापलें असेल तर कडेवर काळसर पापुद्रा धरतो, आणि त्यावर दिलेला रंग कांहीं काळानें पापुद्र्यासकट सुटून येतो. नायट्रोजननें कापलेली कड स्वच्छ निघते. नायट्रोजन महाग पडतो. तो परवडत नसेल तर रंगापूर्वीं कड घासून घेण्यास सांगावें आणि पावडरचा लेप देण्याआधीं बोल्ट भोकांतून घालून पाहावा, कारण लेपाची जाडी प्रत्येक अंगास मिलिमीटरच्या दशांशाच्या जवळपास जाते आणि नेमक्या मापाचें भोक तेवढ्यानें तंग होतें.