भरवसा वाटेवरचा आणि वेशीवरचा

परभणीहून गंगाखेडच्या रस्त्याला लागले की पोखर्णी येते. नृसिंहाच्या देवळाने गावाला ओळख दिली. परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरच्या स्थानकाचे नावही ‘पोखर्णी नृसिंह’ असेच आहे. शेगावहून पायी निघालेली गजानन महाराजांची पालखी आषाढीआधी परभणी-गंगाखेडच्या याच पट्ट्यातून पंढरपूरकडे जाते. सोबत सुमारे 700 वारकरी. त्यांना चहा-पाणी देणारा कुणाचे आधार कार्ड तपासत नाही, जातही विचारत नाही. त्याच घरातला मुलगा शिकायला पुण्याला निघाला की मात्र त्याला बजावले जाते: अनोळखी माणसाशी बोलू नको, कुणी दिलेले खाऊ नको. फलाटावरचा भोंगाही तेच सांगत असतो.

शहाणपण कोणते, चहा देणारे की बजावणारे? पायी, सायकलवर किंवा हात दाखवून थांबवलेल्या ट्रकमध्ये बसून देश पालथे घालणारे लोक पहिल्या बाजूला उभे राहतात. बाकीचे जग त्यांना भाबडे म्हणते. या बाकीच्या जगाचा युक्तिवाद दुबळा नाही, म्हणून आधी तोच ऐकावा.

त्यातले सर्वांत जुने हत्यार ठगांचे. एकोणिसाव्या शतकात स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने ठगांच्या जबान्या नोंदवल्या, तेव्हापासून ‘वाटेत भेटलेल्या गोडबोल्यावर विसंबलात की गळ्याभोवती रुमाल आलाच’ हा धडा पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. पण ठगांची रीत नीट पाहिली, तर ते वाटसरूला अनेकदा आधी घाबरवत. पुढचा रस्ता वाईट आहे, लुटारू फार माजलेत, एकट्याने जाऊ नका, आमच्या सोबतीने चला. सावज हाती लागायचे ते भीतीच्या पोटी. परक्यांचा बागुलबुवा दाखवून जो स्वतःची सोबत गळ्यात मारतो, त्याच्यापासून जपून राहावे, एवढाच धडा या इतिहासातून निघतो.

दुसरा आक्षेप बाईमाणसाचा, आणि तो अधिक जड आहे. 2008 साली पिप्पा बाक्का ही इटालियन कलावती नवरीचा पांढरा पोशाख घालून मिलानहून जेरुसलेमला निघाली होती. वाटेत मिळेल त्या गाडीने जायचे, माणसांवर विश्वास ठेवला तर माणसे त्याला जागतात हे दाखवायचे, हा तिचा हेतू. तुर्कस्तानात गेब्झे शहराजवळ तिच्यावर बलात्कार करून तिला मारण्यात आले. ‘जग फार चांगले आहे हो’ असे हसतमुखाने सांगणाऱ्या कुणालाही हे मरण झटकून टाकता येणार नाही. खिशात बँकेचे कार्ड आणि हेल्मेटवर कॅमेरा लावून माणुसकीचे दाखले गोळा करणाऱ्यांना तर नाहीच नाही.

तरीही या उदाहरणावरून मुलींना घरी बसवणारे एक गोष्ट दडवतात. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे वार्षिक अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत की बलात्काराच्या दहांपैकी नऊहून अधिक गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो: नातेवाईक, शेजारी, लग्नाचे वचन देणारा. म्हणजे अनोळखी माणसाची भीती घालून मुलीला ज्या ओळखीच्या वर्तुळात ठेवायचे, नोंदलेला धोका बहुतांशी त्याच वर्तुळातला आहे. पुण्याची वेदांगी कुलकर्णी 2018 मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली. सुमारे 29,000 किलोमीटरच्या या प्रवासात स्पेनमध्ये तिला चाकूचा धाक दाखवून लुटले. तिने प्रवास पुरा केला. तिचे सुखरूप परतणे हा काही जगाच्या चांगुलपणाचा पुरावा नव्हे. पण बाक्काचे मरण हा जगाच्या दुष्टपणाचा पुरावा असेल, तर हेही त्याच तागडीत घालावे लागेल.

तिसरा आक्षेप कुणी फारसे घेत नाही, आणि खरा तोच आहे. वाटेवरचा भरवसा सगळ्यांना सारखा मिळतच नाही. 1901 साली साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेला लहान भीमराव आंबेडकर घरच्या इतर मुलांसह मसूर स्थानकावर उतरला. कपडे नीटनेटके, खिशात पैसे. जात कळल्याबरोबर स्टेशन मास्तरचा चेहरा पालटला आणि एकही गाडीवान त्यांना बसवून घेईना. अखेर दुप्पट भाड्यावर एक जण तयार झाला, तोही पोरांनी गाडी हाकावी आणि आपण बाजूने चालावे या अटीवर. सोबत जेवण होते, पण रात्रभर घोटभर पाणी मिळाले नाही. आतिथ्यशील महाराष्ट्राच्या गोष्टी सांगताना मसूरचा हा रस्ता वगळला जातो.

हा आक्षेप खोडता येत नाही. तो मान्य केला की वादाचे तोंडच फिरते. ‘परक्यावर विश्वास ठेवावा का’ हा प्रश्न मागे पडतो आणि परका कोण, हे ठरवतो कोण, असे विचारावे लागते.

आडवाटेचा प्रवास नेमके याचेच शिक्षण देतो. विनोबांचा एक सल्ला इथे आठवावा. सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण 1962 मध्ये अण्वस्त्रांच्या निषेधार्थ दिल्लीहून पायी निघाले. मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टन हे त्यांचे टप्पे. विनोबांनी त्यांना सांगितले, जवळ पैसे ठेवू नका. कारण व्यवहारी होते. खिशात पैसे असले की दमलेला माणूस खाणावळीत जेवतो, लॉजवर झोपतो आणि कुणालाही न भेटता पुढे जातो. पैसे नसले की दार ठोठावावेच लागते. भारताशी वैर असलेल्या पाकिस्तानात त्यांना पहिल्याच दिवशी यजमान मिळाला. फ्रान्समध्ये तुरुंग वाट्याला आला आणि अमेरिकेत रोखलेली बंदूकही. ते पोचले.

नर्मदा परिक्रमेचे शास्त्र याच्याही पुढचे. परिक्रमावासी संग्रह करीत नाही. काठावरची गावे सदावर्त देतात, म्हणजे पीठ, डाळ, मीठ असा कोरडा शिधा. आता शूलपाणीच्या झाडीची गोष्ट. आपल्या नंदुरबार जिल्ह्यालाही लागून असलेल्या या जंगलात भिल्ल परिक्रमावासीयांना लुटत, पार लंगोटीपर्यंत. जुने परिक्रमावासी ही लूट आधीपासूनच गृहीत धरून चालत. सगळे गेले की पुढचे गाव जेवू घालणार, हेही गृहीत. लूट आणि आतिथ्य एकाच वाटेवर नांदत होते. सरदार सरोवराच्या पाण्याखाली त्या झाडीतला बराच भाग गेला. ज्यांना लुटारू म्हटले जायचे, त्यांचीच घरे-शेते त्यात बुडाली. नाशिकच्या भारती ठाकूर ही परिक्रमा पायी करून आल्या आणि मग नर्मदेकाठीच लेपा गावात मुलांच्या शिक्षणाचे काम घेऊन राहिल्या. वाटेत खाल्लेल्या भाकरीची परतफेड करायची कल्पना अनेकांना सुचते, मुक्काम हलवण्याइतकी थोड्यांना.

असा भरवसा साधूंनाच परवडतो, असे म्हणणाऱ्यांनी मराठवाड्यातल्या कोणत्याही बसस्थानकावर सकाळी जाऊन उभे राहावे. खेड्यातली आई शहरात शिकणाऱ्या पोरासाठी जेवणाचा डबा एसटीच्या ड्रायव्हरकडे देते. ड्रायव्हर रोज वेगळा, पावती नाही, ओळख नाही. डबा पोचतो.

आणि हाच समाज काय करू शकतो, तेही नोंदलेले आहे. 1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यातले राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे उतरले. मुले पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा मोबाइलवरून आधीच पसरली होती. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि ठेचून मारले. ही माणसे मुख्यतः मंगळवेढ्याकडची, पंढरपूरच्या शेजारच्या तालुक्यातली. त्याच दिवसांत शेगावची पालखी पंढरीच्या वाटेवर होती आणि गावोगाव वारकऱ्यांना पंगती वाढल्या जात होत्या.

दोघेही वाटसरू, दोघेही परगावचे. एकाच्या खांद्यावर पताका होती, दुसऱ्याच्या खांद्यावर भिक्षेची झोळी. राईनपाड्यात परक्याने गावाला फसवले नव्हते. गावच परक्याला भ्याले, आणि त्या भीतीने पाच जीव घेतले. सावधगिरीचे गोडवे गाणाऱ्यांनी या पाच जणांचा हिशेब कुठल्या खात्यात लिहायचा, ते सांगावे.

पोखर्णीसारख्या वाटेवरच्या गावांनी निदान एवढे ठरवून टाकावे. आषाढात दिंडीला जो हातपंप मोकळा असतो, तो बारा महिने डवरी गोसाव्याला, मसणजोग्याला, वैदूलाही मोकळा असेल. पाल ठोकायला गायरानाचा तुकडा दाखवला जाईल, पोलीस पाटलाकडे साधी नोंद होईल. आणि मुले पळवणाऱ्यांचा संदेश मोबाइलवर आला, तर तो पुढे ढकलण्याआधी गावातली दोन जाणती माणसे त्या पालावर जाऊन चहा पितील.