'होतंच गं' पुरे!

तासगावचे बेदाणे तुमच्या ऑफिसच्या ड्रॉवरपर्यंत पोचतात. तिथल्या दहावीतल्या मावसबहिणीची पोटदुखी मात्र फोनवरही पोचत नाही! २०१८ मध्ये राज्याच्या 'अस्मिता' योजनेनं जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींसाठी ५ रुपयांत ८ पॅड आणले. पण कळांचं काय?

पाळीत प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं गर्भाशय आवळतात, म्हणून दुखतं. यात नाटक नाही. तिला सांगा, पोट शेक, थोडी चाल. आयबुप्रोफेनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून, कळा सुरू होताच, काहीतरी खाऊन घ्यायची. तरीही दर महिन्याला शाळा बुडतेय? मग 'लग्नानंतर थांबेल' हे ऐकत बसू नका, स्त्रीरोगतज्ज्ञ गाठा. एंडोमेट्रिओसिस शाळकरी वयातही असू शकतो.

आज रात्रीच फोन लावा. आणि आधी तिचं ऐका.